हरीकाकांचा कान

हरिश्चंद्र नागवेकर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायला. दापोलीत एसटी स्टँडच्या मागे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखे, लाऊडस्पीकर, जे येईल ते करते. आयटीआय करून दुकान टाकलं त्याला पंचवीस वर्षं होत आली, तरी नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी ‘मालक कुठायत?’ असंच विचारतं. या माणसानं तेही विचारलं नाही. काखेतला शेजाऱ्याचा टेबलफॅन काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, “तूच दुरुस्त केलास ना हा? फार दिवस नाय चालायचा. मागचं बुश गेलंय.”

मी फॅन लावून दाखवला. चांगला फिरत होता. म्हटलं, काका, उगाच खोड काढू नका. त्यांनी माझ्या टेबलावरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक फिरत्या पंख्याच्या पाठीला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मीही तसंच ऐकलं. आत खोल कुठेतरी बारीक टकटक होती. दांडा ज्यात फिरतो ते बुश खरंच गेलं होतं. माझा पारा चढला, कारण चूक माझी होती आणि ती दुसऱ्यानं दाखवली होती.

ही विद्या त्यांनी जहाजावर कमावलेली. केळशीचा हा माणूस तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये ऑइलर होता, म्हणजे इंजिनाला तेल घालणारा, पुसणारा, त्याच्यावर लक्ष ठेवणारा. एवढ्या गोंगाटात कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते बाहेरून कुणालाच कळत नाही, म्हणून लोखंडाची सळई इंजिनाला टेकवून हाडानं ऐकायचं. हरीकाका त्यात पटाईत होते. निवृत्त होऊन घरी आल्यावर केळशीचे मच्छीमार आपल्या होड्यांच्या इंजिनांसाठी त्यांनाच बोलवायला लागले. काका होडीत उतरायचे, सळई लावायचे आणि दोन मिनिटांत निकाल सांगायचे. तो निकाल सहसा चुकायचा नाही. ‘हरीकाकांच्या कानाखालून गेलं का?’ असं गावात इंजिन विकत घेणाऱ्याला विचारायची पद्धतच पडली होती. काकांनाही त्या कानाचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

त्या दिवसापासून आमचं जमलं. बाजाराला दापोलीत आले की दुकानात येऊन बसायचे, माझ्या कामात चुका काढायचे, मी चहा मागवायचे आणि त्यांना दोन शब्द सुनवायचे. त्यांना तेही आवडायचं असं वाटतं, कारण घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं. बायको, येसूबाई, आदल्या वर्षी गेली होती. एकुलती एक मुलगी वेदिका मंडणगडला झेडपीच्या शाळेत शिक्षिका.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक दिवस ते आले आणि बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “राजश्री, मला क्लास ए अॅम्प्लिफायर घ्यायचाय. जुना चालेल. चाळीस हजार हायत, वर एक रुपया नाय.”

मला हसू आलं. आमच्याकडे अॅम्प्लिफायर म्हणजे गणपतीतला नाही तर लग्नातला. क्लास ए हे शब्द दापोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असतील असं मला वाटलं नव्हतं. साधा अॅम्प्लिफायर आवाज आला की कामाला लागतो, नाहीतर बसून राहतो. क्लास ए असलेला सदैव पूर्ण पेटलेला असतो, गाणं लागलेलं असो वा नसो. वर दूध ठेवलेलं नसताना गॅस मोठा ठेवण्यातलाच प्रकार. वीज खातो, चुलीसारखा तापतो, वजनाला धोंडा आणि आवाज मात्र बेताचा मोठा. पण जो आवाज देतो त्यात भेसळ नसते, म्हणून गाण्याचे वेडे त्याच्यासाठी घरदार विकायला निघतात. नवा घ्यायचा तर लाखांची गोष्ट.

“तुम्हाला कुणी सांगितलं हे?” मी विचारलं.

त्यांच्या एका जहाजावर चीफ इंजिनिअरच्या केबिनमध्ये तसा एक अॅम्प्लिफायर होता. सत्त्याऐंशी साल. काकांनी आणि आणखी एकानं तो जिन्यावरून उचलून वर नेला होता, म्हणून साहेबानं त्यांना बसवून एक गाणं ऐकवलं. “बाई गायला लागायच्या आधी श्वास घेते ना, तो ऐकू आला,” काका म्हणाले. “त्या दिवसापासून मला म्हाईत हाय, खरं ऐकायचं तर तसल्या यंत्रावर.”

“आणि आत्ता या वयात काय खरं ऐकायचंय?”

मी चेष्टेत विचारलं होतं. ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले. त्यांचा आवाज तसा नेहमीच मोठा, पण त्या दिवशी त्यांनी तो इतका खाली आणला की मला पुढे वाकावं लागलं.

वेदिका लहानपणापासून गाणं शिकत होती. हे जहाजावर, वर्षातले तीन-चार महिने घरी. त्या दिवसांतही ओटीवर समुद्राची गाज, माणसांची ये-जा, पोरगी आत काही गुणगुणतेय एवढंच त्यांना ठाऊक. एकोणिसाव्या वर्षी ती रत्नागिरीच्या एका स्पर्धेत पहिली आली. परीक्षकांत पुण्याच्या एक गायिका होत्या. त्यांनी निरोप दिला, पोरीला माझ्याकडे पाठवा, घरी ठेवून घेते आणि शिकवते. स्पर्धेवाल्यांनी तिच्या गाण्याची सीडी दिली होती. काका त्याच वर्षी जहाज सोडून कायमचे घरी आले होते. निर्णय त्यांच्यावर आला, आणि दुसऱ्या कुणावर येणार? गावाच्या होड्यांचा निकाल ज्या कानावर लागत होता, तो कान घरातच होता.

त्यांनी दारं लावून घेतली आणि जपानहून आणलेल्या आपल्या म्युझिक सिस्टिमवर सीडी तीनदा ऐकली. बाहेर आले आणि म्हणाले, “सूर खरा हाय, पण आवाजाला धार नाय. घोंगडी पांघरून गातेयस असं वाटतं. असल्या गळ्यावर आयुष्य लावू नको.”

वेदिकानं वाद घातला नाही. रडली असेल तर ती कुणाला दिसली नाही. पुढच्या महिन्यात डीएडचा फॉर्म भरला, पेटी गावच्या भजनी मंडळाला देऊन टाकली. त्यानंतर घरात तिच्या तोंडून एक ओळही कुणी ऐकली नाही, बारशाला पाळणासुद्धा नाही.

“आमच्या हिनं मला कधी बोल लावला नव्हता,” काका म्हणाले. “पण जायच्या आधी दोन महिने, बांगडे साफ करता करता म्हणाली, तुमच्या त्या खोक्यानं पोरीचा गळा खाल्ला. बस, एवढंच. परत विषय नाय. आता घरात एकटा असतो ना, ते सारखं आठवतं. खोक्यात धार नसेल आणि मी पोरीला बोललो असेन तर?”

मग त्यांनी हिशेब सरळ मांडला. यंत्र खरं घ्यायचं, त्यावर तीच सीडी लावायची. तरीही धार नसली तर त्यांचं बरोबर होतं, विषय संपला. धार असली तर मंडणगडला जाऊन लेकीचे पाय धरायचे.

“बाप लेकीचे पाय धरतो का कुठे?” मी म्हटलं.

“धरीन,” ते म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, पैसे घालवण्याआधी तुमचं जुनं खोकं तर बघू. एका रविवारी केळशीला गेले. खलाशांच्या घरात असते तशी सिस्टिम कपाटात मानानं ठेवलेली, वर येसूकाकूंनी विणलेला रुमाल तसाच. सीडी काही त्यांनी त्यावर लावू दिली नाही, म्हणाले तिच्यावर अजून एकदा अन्याय नको. जुनी भजनाची कॅसेट लावली. टाळ असे किंचाळले की माझ्या दाताला कळ आली. बघितलं तर ट्रेबलचं, म्हणजे बारीक तीक्ष्ण आवाज वाढवायचं, बटण पार शेवटाला नेलेलं, आणि ते इतकी वर्षं तिथंच होतं हे त्याच्यावरच्या धुळीवरून कळत होतं. म्हटलं, काका, हे केवढं कर्कश लावता? ते म्हणाले, “कर्कश कुठंय? अजून दबलेलंच हाय.” मी म्हटलं, खलाशांना सगळंच दणदणीत लागतं, आणि हसले. ते हसणं मला अजून टोचतं. पंचवीस वर्षं आवाजाची यंत्रं उघडून बसलेली बाई मी, त्याच मिनिटाला मला कळायला हवं होतं. सिस्टिम तपासली. जुनी होती, पण तिच्यात एखाद्या गळ्याची धार खाण्यासारखं काही नव्हतं. तेही मी त्यांना स्पष्ट बोलले नाही, कारण त्यांना नवं यंत्र हवं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही एकदा क्लास ए उघडून बघायचा होता.

पहिला अॅम्प्लिफायर चिपळूणला बघितला, मोबाइलवरच्या जाहिरातीवरून. दुकानदारानं ‘प्युअर क्लास ए’ अशी पाटीच लावली होती. मी एका हातानं तो उचलला तेव्हाच मनात आलं की हे काही खरं नाही. तासभर चालू ठेवला आणि वर तळवा ठेवला. गार. म्हटलं, दादा, हा क्लास ए असेल तर तापायला हवा, गार राहिला तर पाटी खोटी. दुकानदार म्हणाला, मॅडम, नवीन टेक्नॉलॉजी आहे. तेवढ्यात काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून अॅम्प्लिफायरला लावला आणि हाडानं ऐकून सांगितलं, “आत ट्रान्सफॉर्मर ढिला हाय, हलतोय.” दुकानदारानं उघडला तर खरंच एक नट सैल. तो काकांकडे बघत राहिला. परतीच्या वाटेवर काका इतके खुशीत होते की भरण्याच्या नाक्यावर त्यांनी मला वडापाव खाऊ घातला. कान अजून शाबूत हाय, असं दोनदा म्हणाले.

महिन्याभरानं दुसऱ्याचा पत्ता लागला. रत्नागिरीत एक निवृत्त प्राध्यापक राहत होते. पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला चालले होते आणि तिथं या धुडाला जागा नव्हती. आम्ही पहाटे माझ्या व्हॅननं निघालो, दहाच्या सुमाराला पोचलो. प्राध्यापक सत्तरीचे, हळू बोलणारे गृहस्थ. अॅम्प्लिफायर जपानी होता, पंचवीस वॅटचा आणि चोवीस किलोचा. तिकडची वीज शंभर व्होल्टची, म्हणून सोबत वेगळा ट्रान्सफॉर्मर. मी झाकण काढलं. समुद्रकाठच्या हवेनं स्क्रू हिरवे पडले होते, पण आतलं बोर्ड स्वच्छ. असले अॅम्प्लिफायर स्वतःच्या उष्णतेनं आतले कंडेन्सर वाळवून टाकतात, म्हणून जुना घेताना आधी तेच बघायचं. ते तीन वर्षांपूर्वी बदललेले होते आणि प्राध्यापकांनी पावतीही जपली होती. स्पीकरच्या टोकांवर मीटर लावला, काटा जागचा हलला नाही, म्हणजे वीज कुठं गळत नव्हती. तासभर तापू दिला. मग तळवा ठेवला तो तीन मोजेपर्यंतही ठेवता येईना.

“हा खरा आहे, काका,” मी म्हटलं.

प्राध्यापकांनी पंचावन्न हजार सांगितले होते. काकांनी सीडी कशाची आहे ते सांगितल्यावर म्हणाले, चाळीसला देतो, आधी ऐका तर.

काका दोन्ही स्पीकरच्या मधल्या खुर्चीत बसले. हात गुडघ्यावर, डोळे मिटलेले. मी सीडी लावली.

यमन होता. मी गाण्यातली जाणकार नाही, पण चांगला आवाज कशाला म्हणतात ते मला कळतं. ती पोरगी गायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. गळा असा स्वच्छ, इतका पातळ आणि धारदार की एक एक सूर वेगळा दिसावा. ती श्वास घेते तो ऐकू येत होता. ओठ मिटते तेही. प्राध्यापक भिंतीला टेकून उभे होते, त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला एवढा आनंद झाला, आणि लगेच मागोमाग भीती वाटली, की आता काका डोळे उघडतील तेव्हा त्यांचं काय होईल.

गाणं संपलं. काकांनी डोळे उघडले. म्हणाले, “तेच. घोंगडी.”

प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं.

“सूर खरा हाय. पण धार नाय,” ते म्हणाले. “म्हणजे माझं चुकलं नव्हतं.” आणि मान खाली घालून बसले. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तेव्हा मला कळलं की हा माणूस स्वतःला खोटं ठरवायला एवढ्या लांब आला होता.

प्राध्यापक काहीतरी बोलायला पुढे झाले. मी त्यांना हातानं थांबवलं. केळशीचं ते ट्रेबलचं बटण माझ्या डोळ्यांपुढे आलं होतं. माझी शंका खोटी निघावी म्हणून मी देवाला हात जोडले, मनातल्या मनात. मग मोबाइल अॅम्प्लिफायरला जोडला. त्यात माझ्या कामाचं एक अॅप आहे, पाहिजे त्या पट्टीची शिट्टी वाजवणारं.

“काका, यंत्र अजून पुरतं तपासलं नाही,” मी म्हटलं. “शिट्टी सोडते. डोळे मिटा. ऐकू येतेय तोवर हात वर ठेवा.”

त्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले आणि उजवा हात वर केला. खर्जातला घुमणारा आवाज सोडला, हात वर. त्याच्या वरचा, हात वर. हजार हर्ट्झच्या पट्टीला हात ताठ होता. दोन हजाराला कोपरात वाकला. मी तेवढ्याच आवाजात पट्टी चढवत नेली. तीन हजाराला हात हळूहळू खाली आला आणि गुडघ्यावर जाऊन बसला. चार हजाराला खोलीभर अशी तीक्ष्ण शिट्टी भरली की प्राध्यापकांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि माझेही दात शिवशिवले.

काका शांत बसले होते. वाट बघत होते.

“लाव ना गो,” ते म्हणाले. “थांबलीस कशाला?”

त्यांनी डोळे उघडले. समोर प्राध्यापक कानांत बोटं घालून उभे. त्यांनी घाईघाईनं बोटं काढली, चोरी पकडल्यासारखी, आणि तरीही त्यांचा चेहरा त्या आवाजानं कसानुसा होत होता. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, अॅम्प्लिफायरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वाजतंय?”

“हो.”

“आत्ता? या मिनिटाला?”

“हो काका.”

मी बंद केलं. त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही. उठून ते प्राध्यापकांपाशी गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, “तुमचं यंत्र उत्तम हाय. योग्य माणसाला द्या.” आणि पायऱ्या उतरून व्हॅनमध्ये जाऊन बसले.

हातखंब्यापाशी काकांनी पहिला प्रश्न विचारला. मग एकेक प्रश्न विचारत गेले आणि मी गाडी चालवता चालवता उत्तरं देत गेले. इंजिनरूमच्या गोंगाटानं कानाचे बारीक, वरचे आवाज आधी मरतात. खालचे जड आवाज राहतात, म्हणून बेअरिंगची टकटक त्यांना ऐकू येते, बुश कळतं, ट्रान्सफॉर्मर कळतो. माणसाला वाटतं आपला कान पक्का आहे. गळ्याची धार असते ती त्या वरच्या आवाजात. कानात घालायला काही देत नव्हते का, असं मी विचारलं, तर म्हणाले कापसाचे बोळे द्यायचे, पण ते घातले की इंजिन कळत नसे, म्हणून हे काढून ठेवायचे.

“कधी गेलं असेल?”

“पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच, बहुतेक.”

“म्हणजे तिची सीडी ऐकली तेव्हा...”

“गेलेलं होतं.”

मी कानाच्या यंत्राचं काढलं, चिपळूणला चांगले डॉक्टर आहेत म्हटलं. ते म्हणाले, ते बघू पुढं. खेडला मी दापोलीच्या रस्त्याला गाडी वळवायला लागले तर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. “मंडणगडला घे,” म्हणाले.

पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. वेदिका नुकतीच शाळेतून आली होती. बत्तीस वर्षांची, हडकुळी, कपाळाला आठी असलेली बाई. दिवसभर चौथीच्या वर्गावर ओरडून आवाज बसलेला. मला बघून तिला वाटलं वडिलांना काही झालं की काय. काकांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. सीडी, आईचे शब्द, प्राध्यापक, शिट्टी. शेवटी ते खुर्चीतून उतरून खाली वाकायला लागले तेव्हा तिनं त्यांचे दोन्ही दंड धरून त्यांना वर बसवलं.

“बाबा, असं काय करता,” ती म्हणाली. “चहा ठेवते.”

ती आत गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला धरून उभी होती, गॅस पेटवलेला नव्हता. “ताई, खरंच चांगला होता?” तिनं मला विचारलं. “मी कधीच परत ऐकली नाही ती सीडी. बाबा म्हणाले म्हणजे नसणारच, असं मी धरून चालले. मला स्वतःला तो आवाज आवडायचा, म्हणून मला स्वतःचीच लाज वाटायची.”

मी म्हटलं, चांगला होता. याहून जास्त बोलले असते तर मीच रडले असते.

बाहेर आलो तर काका तिची वाटच बघत होते. “एकदा म्हण,” ते म्हणाले. “मला नीट ऐकू येणार नाय, पण म्हण. ही राजश्री ऐकेल.”

“तेरा वर्षं झाली, बाबा. गळ्यात काही नाही आता.”

“म्हण गो.”

नाही म्हणून तिला सुटता आलं असतं. पण त्यांच्याकडे बघून ती खाली सतरंजीवर बसली. मी मोबाइलवर तानपुरा लावून दिला. काकांनी डोळे मिटले.

तिनं सा लावला. आवाज जाड आला, खरखरीत. श्वास पुरत नव्हता. रे, ग लावताना सूर दोनदा ढळला आणि तिनं तो ओढून जागेवर आणला. रत्नागिरीला मी ऐकलेली मुलगी या बाईत कुठेच नव्हती. तेरा वर्षांपूर्वी काकांना जे ऐकू आलं होतं ते तेव्हा खोटं होतं, आता खरं झालं होतं. घोंगडीच होती. मला त्या माणसाचा राग आला, त्या जहाजांचा आला, आणि डोळे मिटून बसलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून कुणाचाच येईना.

ती चढत गेली. निषादापाशी आवाज चिरकला. वरचा सा घ्यायला तिनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण सूर निघालाच नाही. तिनं तोंडावर पदर दाबला आणि तशीच बसून राहिली. तानपुरा चालू होता.

काकांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा चेहरा मी इतका मोकळा कधी बघितला नव्हता. वरचा सा त्यांना ऐकू आला असता, पुसट का होईना. मरतात ते वरचे सूर नव्हेत, त्यांच्यातली धार मरते, हे मी गाडीत त्यांना नीट समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता, की जे आता ऐकू येत नाही तिथं पोरगी गातेय.

“केवढा वेळ धरलाय गो तिनं,” ते हळूच म्हणाले. “धरलाय ना, राजश्री?”

वेदिका पदराआडून माझ्याकडे बघत होती.

“हो काका,” मी म्हटलं. “अजून धरलाय.”